चौरईहून आलेला फोन

२८ ऑगस्ट २०२०. शुक्रवार होता, मोहर्रमची आठ तारीख. कोरोनामुळे त्या वर्षी मोहल्ल्यात सबील लागली नव्हती, मशिदीत मोजकी माणसं, सगळं सुनंसुनं. रात्री साडेअकराच्या सुमारास पारशिवनीला माझ्या भावाचा फोन वाजला. चौरईहून खाला बोलत होती. आवाज घाईचा. "बेटा, इधर दो दिन से पानी रुका नहीं है. डॅम के गेट खोल रहे हैं. तुम लोग नदी से दूर हो जाओ. मोटर निकाल लो, जानवर निकाल लो."

भाऊ त्याच वेळी बॅटरी घेऊन शेतात गेला. विहिरीवरची मोटर काढून घेतली, दोन म्हशी वरच्या गोठ्यात बांधल्या, शेजारच्या दोघा-तिघांना उठवलं. एकाने विश्वास ठेवला, एकाने नाही. दुसऱ्या दिवशी पेंचला जो पूर आला तो आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनीही पाहिलेला नव्हता. तालुक्यातला सालई-माहुलीचा पूल कोसळला. पाणी पुढे कन्हानला मिळालं, कन्हानचं वैनगंगेला. वैनगंगेला वरून मध्य प्रदेशातलं आणखी पाणी येतच होतं. भंडारा शहर बुडालं, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. भावाच्या भागात सावधानतेची सूचना आली, पण खालाच्या फोननंतर बऱ्याच तासांनी.

तो फोन माझ्या मनातून जात नाही, कारण त्याच्या आधीचं एक वर्ष भाऊ आणि खालाचा मुलगा एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण पाण्यावरूनच झालं होतं, आणि नदी हीच.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेंच नदी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते. चौरई तहसिलीतून, मग जंगलातून खाली येत ती नागपूर जिल्ह्यात शिरते. सीमेवर तोतलाडोहचं मोठं धरण आहे. त्याच्याखाली आमच्या पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीचं धरण, ज्याला सरकारी कागदात कामठी खैरी म्हणतात. तिथून कालवे रामटेक, मौदा, कामठीच्या धानाला जातात. खापरखेडा आणि कोराडीच्या वीजकेंद्रांना पाणी जातं ते पेंचचं, आणि नागपूर शहर पितं तेही बहुतांश पेंचचंच.

माझी अम्मी चौरईची. लग्न होऊन पारशिवनीला आली. मी पारशिवनीची, लग्न होऊन नागपूरला आले. म्हणजे आमच्या घरातल्या बाया नदीबरोबर खाली खाली येत गेल्या. नदीच्या वरच्या टोकाला खाला, मध्ये भाऊ, खालच्या टोकाला मी. तिघांच्या नळाला, विहिरीला आणि कालव्याला एकच पाणी. पण ते वाटून घ्यायला तिघांना एकत्र बसवेल अशी जागा मला आजवर सापडलेली नाही. या लेखाचं कारण तेच.

आता भांडणाबद्दल. २०१९ साली जुलै कोरडा गेला. तोतलाडोहची उपयुक्त साठवण सुमारे एक हजार दलघमी, पण त्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं आणि मृतसाठ्यातून पाणी उचलावं लागलं. जुलैत नागपूर शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. शहराने असं कधी पाहिलं नव्हतं. मी बादल्या, पातेली, बाळाचा टबसुद्धा भरून ठेवत होते. पारशिवनीत भावाची विहीर आटली आणि कालव्याला आवर्तन मिळण्याची आशाच नव्हती, कारण पिण्याचं पाणी आधी. वर्तमानपत्रांत रोज एकच नाव येत होतं: चौरई धरण. छिंदवाडा जिल्ह्यात माचागोरा इथे पेंचवर बांधलेलं, चारशेवर दलघमीचं. पूर्वी जे पाणी पावसाळ्यात सरळ तोतलाडोहला यायचं ते आता आधी तिथे अडतं, धरण भरलं की मगच खाली येतं. नागपुरात लोकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "एमपीने आपलं पाणी चोरलं."

त्याच दिवसांत खालाच्या मुलाने व्हॉट्सॲपवर शेताचा फोटो टाकला. मक्का हिरवागार, पलीकडे नव्या कालव्याचा काठ. त्याला बिचाऱ्याला काही सुचवायचं नव्हतं. जन्मभर पावसाच्या भरवशावर शेती केलेल्या माणसाने कालव्याचं पाणी पहिल्यांदा पाहिलं होतं. पण इथे भाऊ कोरड्या विहिरीशी बसलेला. त्याने लिहिलं, "माशाअल्लाह, हमारा पानी अच्छा लग रहा है तुम्हारे खेत में." पलीकडून उत्तर आलं, "नदी पे नाम लिखा है क्या?" मग आणखी चार ओळी, मग दोघेही ग्रुपमधून बाहेर. ईदला फोन नाही, बकरी ईदला नाही.

मी भावाची बाजू घेतली होती, हे आधी कबूल करते. बादल्या भरणाऱ्या बाईला दुसरं काही सुचत नाही. पण नंतर जरा वाचलं, विचारलं, तेव्हा लक्षात आलं की 'चोरी' हा शब्द चालणार नाही. पेंचवरचा दोन राज्यांचा करार १९६०च्या दशकातला आहे. गोदावरी पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा १९८०चा, आणि लवादाने राज्याराज्यांमधले करार मान्य केले. वरच्या खोऱ्यातल्या पाण्यात मध्य प्रदेशचा वाटा कागदावर पहिल्यापासून होता. तोतलाडोहचं १६० मेगावॅटचं वीजकेंद्र नागपूर जिल्ह्यात असूनही त्यातली दोन तृतीयांश वीज मध्य प्रदेशची आणि एक तृतीयांश आपली. फरक एवढाच की वरचा आपला वाटा पुष्कळ वर्षं उचलत नव्हता आणि खालच्याने तो आपलाच आहे असं धरून शहर वाढवलं, वीजकेंद्रं वाढवली, धान वाढवलं. धरण होणार हे कुणापासून लपलेलं नव्हतं. चौरईकडच्या शेतकऱ्यांनी तर जमिनी बुडतात म्हणून त्याविरुद्ध आंदोलनं केली होती, मेधा पाटकरही तिथे गेल्या होत्या. त्या आंदोलनाची बातमी नागपुरात कुणी वाचली असेल तर मला भेटावं. मी वाचली नव्हती, माझी सख्खी खाला तिथे राहत असताना.

अब्बा हयात होते तेव्हा मदिनेच्या ओढ्याची गोष्ट सांगायचे. पावसात वाहणाऱ्या ओढ्यावर वरचा आणि खालचा असे दोन बागवाले भांडत आले. निवाडा असा झाला की वरच्याने आधी पाणी घ्यावं, पण घोट्यापर्यंत. मग बांध फोडून खालच्याला सोडावं. हदीसच्या किताबांत हा प्रसंग थोड्याफार फरकाने ठिकठिकाणी आहे. लहानपणी मला त्यात फक्त भांडण मिटल्याचा आनंद होता. आता त्यातला 'घोटा' दिसतो. हक्क कुणाचा एवढं सांगून निवाडा थांबत नाही, किती आणि त्यानंतर काय हेही सांगतो, आणि मोजायची खूण अशी की ती दोघांनाही दिसते. २०१९च्या जुलैत चौरईच्या धरणात किती पाणी आहे हे पारशिवनीच्या शेतकऱ्याला कुठे दिसत होतं? आणि नागपूर रोज किती पाणी उपसतं आणि त्यातलं किती गळतीत जातं, हे चौरईच्या शेतकऱ्याला कोण सांगणार?

हा दुसरा प्रश्न मला भावानेच ऐकवला. मी त्याची बाजू घेऊन बोलत होते तर तो माझ्यावरच उखडला. "तू कशाला बोलतेस आपा? चौरई आमच्यासाठी जे, तेच पारशिवनी तुमच्यासाठी. धरण आमच्या उशाशी, जमिनी इथल्या बुडाल्या, आणि टंचाई आली की आमचा कालवा बंद करून नागपूरचे नळ चालू." मला उत्तर देता आलं नाही. नागपूरच्या ज्या घरात मी बादल्या भरत होते तिथे एक दिवसाआड का होईना पाणी येत होतं. भावाच्या कालव्यात आलंच नाही. म्हणजे सीमा ओलांडायच्या आधीच, एकाच जिल्ह्यात, वरचा-खालचा हा हिशेब उलटा होतो. शहर नदीत खाली आहे, पण हक्कात वर. २०१७ साली नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालं, त्याच्या आराखड्यात पारशिवनी तालुक्यातली गावंही आली. त्यात रस्त्यांच्या रुंद्या आहेत, जमिनींचे पिवळे-हिरवे झोन आहेत. पण पेंच त्या नकाशाच्या कडेवर येऊन थांबते. तिच्या वरचं काहीच त्यात नाही, कारण ते दुसऱ्या राज्याचं.

हा नकाशा नेहमी असा नव्हता. नागपूर शहर ज्याने वसवलं तो बख्त बुलंद शाह देवगडचा गोंड राजा. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला, आणि तरीही तो गोंडांचा राजा राहिला. देवगड आज कुठे आहे? छिंदवाडा जिल्ह्यात. त्याच्यानंतर चांद सुलतानाने राजधानी देवगडहून नागपूरला आणली. म्हणजे राजधानीही आमच्या घरातल्या बायांसारखीच वरून खाली आली. पुढे भोसले आले, इंग्रज आले. १८६१च्या मध्य प्रांतात छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, नागपूर सगळे एकाच राज्यात, राजधानी नागपूर. स्वातंत्र्यानंतरही १९५६पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच. अम्मीचे अब्बा कोर्टाच्या कामाला चौरईहून नागपूरला यायचे. ते 'परराज्यात' जात नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ला रेघ ओढली गेली. फाजल अली आयोगाने १९५५मध्ये वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती, ती बाजूला पडली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा भोपाळकडे. भाषेवर राज्यं झाली हे मला चुकीचं वाटत नाही, नाहीतर मी आज मराठीत लिहीत नसते. पण भाषेची रेघ जिथे पडते तिथे भाषा थांबत नाही. सौसर आणि पांढुर्ण्यात आजही घराघरात मराठी बोलतात. संत्र्याच्या बागा रेघेच्या दोन्ही बाजूंना आहेत. आणि पाणी तर भाषाच जाणत नाही.

ज्यांनी रेघ ओढली त्यांना हे कळत होतं. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्यातच क्षेत्रीय परिषदा आहेत, म्हणजे शेजारच्या राज्यांनी एकत्र बसून सामायिक प्रश्न सोडवावेत अशी सोय. वाचून मला फार बरं वाटलं होतं. मग यादी पाहिली. महाराष्ट्र आहे पश्चिम क्षेत्रीय परिषदेत, गुजरात आणि गोव्याबरोबर. मध्य प्रदेश आहे मध्य क्षेत्रीय परिषदेत, उत्तर प्रदेश, उत्तराखंड आणि छत्तीसगडबरोबर. म्हणजे पेंचचा वरचा किनारा एका खोलीत आणि खालचा दुसऱ्या. पारशिवनीचं पाणी जिथून येतं त्या राज्यापेक्षा गोव्याबरोबर बसायची सोय जास्त. कायद्यात दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद आहे, हेही सांगायला हवं. तरतूद आहे.

आपल्याकडे मागासलेपणाची चर्चा कमी नाही. विदर्भातला माणूस 'अनुशेष' हा शब्द दूध पिता पिता शिकतो. १९८४च्या दांडेकर समितीने जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष मोजला, १९९४ साली घटनेच्या कलम ३७१(२)खाली वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ साली केळकर समितीचा अहवाल आला, २०२०च्या एप्रिलअखेर मंडळांची मुदत संपली. या सगळ्याचं महत्त्व मी कमी करत नाही, पण मोजपट्टी नेहमी राज्याच्या सरासरीची होती. पारशिवनीच्या आदिवासी पाड्याची तुलना पुण्याशी करून अनुशेष निघतो. त्याच जंगलाच्या पलीकडच्या उतारावर तशीच माणसं, तसाच मोह, तसाच तेंदूपत्ता, पण ती आपल्या गणितात नाहीत. ती भोपाळच्या गणितात आहेत, जिथे त्यांची तुलना इंदूरशी होते. दोन्ही राज्यांच्या टोकाला असलेले हे दोन मागास भाग एकत्र धरून कुणी पाहिलं असतं तर पहिली गोष्ट हीच दिसली असती की यांना एकमेकांशी जोडणारा सरळ रस्तासुद्धा नाही.

खरंच नाही. पारशिवनी ते चौरई सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर असेल. मध्ये धरण आणि व्याघ्र प्रकल्प आहे, तिथून रस्ता नाही आणि नसावाही. पण फिरून जायचं तर सावनेर-सौसर-छिंदवाडा किंवा मनसर-खवासा-शिवनी, दुप्पट अंतर. लहानपणी आम्ही सावनेरहून छोट्या लाईनच्या गाडीने छिंदवाड्याला जायचो आणि तिथून दुसरी गाडी. डबे बाकड्यांचे, घाटात गाडी इतकी हळू की मुलं उतरून करवंदं तोडतात असं अम्मी सांगायची, आणि तिने स्वतः तोडली असावीत. २०१५च्या शेवटी ती लाईन मोठी करायला बंद केली. मोठी लाईन छिंदवाड्यापर्यंत पुरी व्हायला पाच वर्षांवर गेली. त्या मधल्या वर्षांत अम्मी वारली. शेवटच्या दिवसांत खालाला एस.टी. आणि जीप बदलत बदलत यावं लागलं आणि ती मातीनंतर पोचली.

खालू आजारी पडले तेव्हाही असंच. चौरई-छिंदवाड्याची माणसं मोठ्या दुखण्याला नागपूरच गाठतात, आजही. 'मेडिकल'च्या वऱ्हांड्यात पाहा, अर्धी बोली सातपुड्याची ऐकू येते. खालूंना आम्ही इथे एका दवाखान्यात आणलं. खिडकीवर रेशनकार्ड मागितलं, पाहिलं आणि परत दिलं: मध्य प्रदेशचं आहे, महाराष्ट्राची योजना लागणार नाही. नियमाने बरोबरच. भाऊ नंतर म्हणाला, "पाणी त्यांचं चालतं आपल्याला, कार्ड चालत नाही." हे तो म्हणाला तेव्हा दोघांचं भांडण चालूच होतं, पण खालूंसाठी रक्त त्यानेच दिलं.

रेघ ओलांडून चालणाऱ्या गोष्टी या भागात आहेत, नाही असं नाही. वाघ. पेंच व्याघ्र प्रकल्प मध्य प्रदेशात १९९२ साली झाला, महाराष्ट्रात १९९९ साली. तुरिया गेटचा वाघ आणि सिल्लारी गेटचा वाघ असे दोन वाघ नसतात, हे दोन्हीकडच्या वनखात्यांना मान्य करावं लागलं. त्याच्या येण्याजाण्यासाठी मनसर-खवासा महामार्गावर उंच पूल आणि भुयारी मार्ग बांधले गेले आणि जनावरं त्यांतून जातात हे कॅमेऱ्यांनी दाखवलं. माणसांच्या बाबतीत मात्र तितकी उदारता नव्हती. तोतलाडोहच्या जलाशयात मासे धरायला मध्य प्रदेशने ३०५ आदिवासी कुटुंबांना परवाने दिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९७च्या निकालाने कडक अटी घालून त्यांना मासेमारी करता आली. महाराष्ट्राच्या बाजूने त्याच पाण्यात जाळं टाकणारा मात्र चोरच ठरत राहिला. एकच तलाव, एकच मासा.

आणि कुवारा भिवसेन. नवेगाव खैरीच्या जलाशयाजवळचं गोंडांचं देवस्थान. चैत्रात यात्रा भरते तेव्हा पलीकडूनही गोंड येतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही कुठल्या परिषदेतले. वाकीला ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर जा, तिथेही एमपी पासिंगच्या गाड्या. कन्हानच्या काठावर दोन्ही राज्यांची माणसं एकाच डेगीतलं जेवतात. या गोष्टींवर भावुक होणं सोपं आहे आणि मी होतेही. पण यात्रेने आणि उर्साने धरणाचं वेळापत्रक ठरत नाही.

ते कशाने ठरतं हे युरोपात पाहायला मिळतं. ज्या देशांनी एकमेकांची शहरं बॉम्बने जाळली त्यांनी हळूहळू शेजारच्या प्रदेशांचा एकत्र नकाशा करायची सवय लावून घेतली. बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांच्या नियोजनमंत्र्यांनी १९९२ साली, सोव्हिएत संघ कोसळल्यावर वर्षाच्या आत, स्वीडनमधल्या कार्ल्सक्रोना गावात बसून ठरवलं की बंदरं, रस्ते, शहरं यांचा विचार सगळ्यांचा मिळून करायचा. युरोपीय संघाच्या अर्थसंकल्पाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मागे पडलेल्या प्रदेशांना बरोबरीला आणण्यावर जातो. त्यात १९९०पासून 'इंटररेग' नावाची एक योजना आहे, मला आवडली ती तिच्या अटीमुळे: सीमेच्या दोन्ही बाजूंचे भागीदार असल्याशिवाय पैसा नाही. तिथेही सगळं गोड नाही. श्रीमंत प्रदेश कुरकुरतात, कागदं फार, आणि अर्ज कसा भरायचा हे जाणणाऱ्यांनाच पैसा मिळतो अशी तक्रार असते. पण तिथे वरच्या-खालच्यांना एकमेकांच्या समोर बसावंच लागतं. ते वेगळे देश आहेत. आपण तर एकाच देशातले दोन जिल्हे. आपल्याकडे कायद्याने राज्यांच्या सीमा ओलांडून नियोजन करणारं एक मंडळ आहे, १९८५चं, राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचं: दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान. दिल्लीला गरज पडली तेव्हा ते जमलं.

नागपूरला गरज पडली तेव्हा काय झालं, तर २०१९च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस आला. धरणं भरली, नळ रोजचे झाले, विषय संपला. पुढच्याच ऑगस्टला तीच धरणं, तीच नदी, पण पाणी जास्त. टंचाईत वरचा पाणी धरून ठेवतो आणि पुरात एकदम सोडतो, अशी तक्रार खालचा करतो. वरचा म्हणतो, धरण फुटू देऊ का? दोघांचंही खरं आहे. धरण पावसाळ्याच्या मध्यावर किती रिकामं ठेवायचं, कुठल्या पातळीला किती तास आधी खाली कळवायचं, हा प्रश्न खालच्या आणि वरच्याने मिळून वर्षभर आधी सोडवायचा असतो. रात्री साडेअकराला तो सुटत नाही. तेव्हा फक्त म्हशी सोडता येतात.

पूर ओसरल्यावर भावाने खालाच्या मुलाला फोन केला. काय बोलले मला ठाऊक नाही. दोघेही ग्रुपमध्ये परत आले. आशुऱ्याचा खिचडा त्या वर्षी भावाच्या घरी चार दिवस उशिरा शिजला, कारण चूल भिजली होती, आणि त्याचा फोटो चौरईला गेला.

१० मे २०२५ला भोपाळला मध्य प्रदेश-महाराष्ट्र आंतरराज्य नियंत्रण मंडळाची बैठक झाली. दोन्ही मुख्यमंत्री होते, तापी खोऱ्याच्या मोठ्या पुनर्भरण योजनेवर सह्या झाल्या. मंडळाची ही २८वी बैठक होती. २७वी २००० साली झाली होती. म्हणजे दोघांना बसायला जागा होतीच, पंचवीस वर्षं कुणी दार उघडलं नव्हतं. या पंचवीस वर्षांत चौरईचं धरण बांधून झालं, नागपूरचे नळ आटले, भंडारा बुडाला. बैठकीच्या वेळी नागपूरला पाणी देण्यासाठी कन्हानवर जामघाट प्रकल्पाचीही चर्चा होती. जामघाट मध्य प्रदेशात आहे. म्हणजे जमीन त्यांची बुडेल आणि पाणी आम्हाला मिळेल. बातमी वाचून मी पहिल्यांदा खूश झाले, आणि लगेच मला चौरईच्या आंदोलनाची आठवण झाली, जी मी वाचली नव्हती. या वेळी मी खालाच्या मुलाला विचारलं, तिकडे लोक काय म्हणतात? त्याच्या सासुरवाडीचं शेत सौसरकडे आहे. तो म्हणाला, "आपा, अभी तो किसी ने पूछा ही नहीं."

२०२०पासून तो दर पावसाळ्यात माचागोऱ्याला धरणाजवळ जातो आणि पाण्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. भाऊ तो पुढे गावातल्या वीस-पंचवीस जणांना पाठवतो. त्यांनी तो कुणाकुणाला पाठवला हे तर मोजताच येणार नाही. या वर्षी जुलै अर्धा गेला तरी फोटो आला नाही, म्हणून मीच फोन केला. तो मक्याला खत देत होता. पाऊस कसा आहे विचारलं तर म्हणाला, ठीक आहे, कालपासून झड लागली आहे, शाम को जाता हूँ डॅम पे.